येळ्ळूर ते आकाश, व्हाया सांबरा

विमानप्रवासातला ताण बहुतांशी जमिनीवरच तयार होतो. येळ्ळूरकरांच्या वाट्याला ही जमीन जरा जास्तच येते. गाव बेळगावच्या दक्षिणेला, विमानतळ पूर्वेला सांबऱ्यात. त्यामुळे आकाश गाठण्याआधी वडगाव, मग शहरातली गर्दी आणि पुढे मुतगा ओलांडावे लागते. सांबऱ्याचा हा तळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने महायुद्धासाठी उभारला. युद्ध संपले, २०१७ मध्ये नवी इमारतही झाली. युद्धकाळातली धावपळ मात्र प्रवाशांनी चालू ठेवली आहे.

ताणाचे पहिले कारण बॅग. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे ७ किलो हातातले आणि १५ किलो विमानाच्या पोटातले सामान चालते. घरी हे वजन करताना कुणीतरी बॅग उचलून काट्यावर उभा राहतो, मग बॅग खाली ठेवून पुन्हा उभा राहतो आणि वजाबाकी केली जाते. त्यानंतर बॅगेचा विषय मागे पडून उभा राहणाऱ्याच्या वजनावर चर्चा सुरू होते. तेवढ्यात आजी शिवारातल्या बासमतीची पिशवी बॅगेत सरकवते. म्हणून वजन सगळ्यात शेवटी करावे, लगेच कुलूप लावावे आणि किल्ली आजीच्या नजरेला पडू देऊ नये.

दुसरे कारण नारळ. शुभकार्याला निघालेल्याच्या पिशवीत तो असतोच. पण विमानात हाताशी ठेवायला परवानगी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना ठरावीक मुदतीपुरती सवलत मिळाली होती. बाकीच्यांच्या श्रद्धेचा विचार झालेला नाही. सुक्या खोबऱ्याची बाजू आणखी लंगडी आहे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या जागतिक यादीत त्याला १३६३ हा क्रमांक मिळालेला आहे. पॉवर बँकेचा नियम नेमका उलटा : ती हातातल्याच बॅगेत ठेवायची. पेटलीच तर निदान दिसते तरी.

तिसरे कारण वेळ. एसटीला फाट्यावर हात केला तर ती थांबते, या अनुभवावर पिढ्या वाढल्या आहेत. “दोनलाच कशाला निघायचं? थांबतंय की इमान!” हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत त्यातूनच येते. प्रत्यक्षात चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी आणि विमानाचे गेट २५ मिनिटे आधी बंद होते. मोबाइलवर आदल्या दिवशीच चेक-इन केल्यास एक रांग टळते. पोचवायला येणाऱ्यांची संख्या गाडीच्या आसनांइतकीच ठेवल्यास पाया पडण्यातलाही बराच वेळ वाचतो.

चौथे कारण सुरक्षा तपासणी. चांदीचा करगोटा, पट्ट्याचे बक्कल आणि खिशातली चिल्लर यांपैकी नेमके काय वाजले, हे यंत्र सांगत नाही. मागचे लोक सांगतात. धातूचे सुटे सामान रांगेत शिरण्यापूर्वीच बॅगेच्या कप्प्यात टाकणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. विमानतळही आपल्या परीने प्रयत्न करतात. डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत डिजीयात्रेने चेहरा दाखवून प्रवेश सुरू झाला. अमेरिकेतल्या काही विमानतळांवर प्रवाशांना शांत करण्यासाठी माणसाळलेली कुत्री फिरवतात. येळ्ळूरकराला गल्लीतल्या कुत्र्यांचा जो अनुभव आहे, तो पाहता या उपायाची शिफारस करता येत नाही.

विमानात बसल्यावर उरतात ते कान. केबिनमधली हवा १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे प्रवासी खुर्चीत बसल्या बसल्या कळसूबाईच्याही वर जातो. उतरताना केबिनमधला दाब वाढतो आणि घशाला जोडलेली कानाची नळी चटकन उघडत नाही. गोळी चघळणे, आवंढा गिळणे किंवा जांभई देणे पुरते. लहान मुलांना त्या वेळी दूध पाजावे.

शेवटचा टप्पा सामानाच्या पट्ट्याचा. तिथे सगळ्या बॅगा काळ्याच असतात. मुठीला रंगीत चिंधी बांधावी. “पोचलो” हा फोन बॅग हातात आल्यावरच करावा. आधी केल्यास बॅग मिळेपर्यंत दर दोन मिनिटांनी गावाहून तिची चौकशी होते.