मालक आपला आहे ना?

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात शिरलेला माणूस आधी भाव विचारतो. आमचे नाना आधी गल्ल्यामागची भिंत बघतात. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि तपासणी सुरू होते. भिंतीवर शिवाजी महाराज असले तर नानांचा चेहरा कोराच राहतो. तो पुरावा होत नाही, महाराज सगळ्यांकडेच असतात. लक्ष्मी, साईबाबा आणि हार घातलेले कैलासवासी वडील हेही बाद. नाना बघतात ते कॅलेंडर कुठल्या सहकारी बँकेचं आहे, कारण बँक कळली की तिचा अध्यक्ष कळतो आणि अध्यक्ष कळला की पक्ष. मग गल्ल्यावरचं वर्तमानपत्र. मग काचेखालच्या वर्गणीच्या पावत्या. एका दुकानात सात गणेश मंडळांच्या सात पावत्या निघाल्या, तेव्हा नाना माझ्या कानात म्हणाले, ‘संधिसाधू आहे, चल.’ तो बिचारा नुसता घाबरट होता.

‘मत पाच वर्षांतून एकदा देतोस, रुपया रोज देतोस,’ हा नानांचा सिद्धान्त. आपला रुपया ज्याच्या गल्ल्यात पडतो, त्याच्या विचारांना तो खतपाणी घालतो, म्हणून कापड घ्यायचं ते आपल्या विचारांच्या माणसाकडूनच. हा नियम भाजी, दूध आणि औषधं यांना लागू नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं. ‘औषध अंगावर दिसत नाही,’ असं उत्तर मिळालं.

नानांचे विचार म्हणाल तर समाजवादी. लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गेलेले, पुढे मास्तर झाले, निवृत्त झाले, पण बिल्ला लावल्यासारखे विचार अजून छातीवर. समाजवादी असल्यामुळे आपल्या विचारांचं दुकान शोधणं हे मुळातच अवघड काम. एक तर दुकान काढणारा समाजवादी मिळायला हवा आणि मिळाला तर त्याचं दुकान अजून चालू असायला हवं.

मग खादी भांडार का नाही? जात होते की. कित्येक वर्षं दोन ऑक्टोबरनंतर सूट लागली की पिशवी घेऊन पहिल्या रांगेत असायचे. पण खादी आयोग पडला सरकारी आणि सरकार बदलत राहतं. २०१७ साली आयोगाच्या कॅलेंडरवर चरख्यापाशी गांधीजींच्या जागी पंतप्रधान बसलेले दिसले आणि नानांनी भांडाराची पायरी चढणं सोडलं. त्याआधीच एकदा पॉलीवस्त्रावरून त्यांचा तिथल्या विक्रेत्याशी खटका उडालेला होता. सूत आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात नांदतात, हे त्यांना युतीच्या सरकारांपेक्षाही जास्त खुपतं.

त्यांना इतिहासाचा आधार मात्र भक्कम आहे. कापडातून राजकारण करायची रीत पुण्याचीच, असं ते सांगतात आणि ते खोटं नाही. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले ते खादी अंगावर घालून, गांधीजींच्या खादीच्या कितीतरी आधी. आंबेगाव तालुक्यातला बाबू गेनू मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तो १२ डिसेंबर १९३० ला. इथपर्यंत नानांचा आवाज चढत जातो. मधल्या एका प्रसंगाशी तेवढा घसा अडतो. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, टिळक भाषणाला होते, सगळं उत्तम. पण पुढाकार सावरकरांचा. फर्ग्युसनने त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं, हे सांगताना नाना हळहळतात आणि आपण हळहळतोय हे लक्षात आल्यावर चिडतात. शेवटी त्यांनी तोडगा काढला : ‘होळी योग्यच होती. काडी कुणी लावली, हा स्वतंत्र विषय आहे.’

नानांच्या खरेदीचं सुवर्णयुग म्हणजे १९७७. सगळे एकाच जनता पक्षात आल्यामुळे संघवाल्याचं दुकान, जुन्या काँग्रेसवाल्याचं दुकान, समाजवाद्याचं दुकान, सगळीकडे शिरायला मोकळीक. त्या दोन वर्षांत नानांनी तीन पँटी, सहा सदरे आणि लग्नाचा शालू घेतला. मग जनता पक्षात राहून संघातही राहायचं का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला आणि १९७९ च्या जुलैत मोरारजींचं सरकार गेलं. शालू अजून आहे.

अलीकडे नाइलाजाने ते ज्याला त्यातल्या त्यात बरा म्हणतात अशा एका पक्षाला मत देऊ लागले होते. रविवार पेठेत त्या पक्षाच्या दोघा भावांचं दुकानही सापडलं. नाना सुखावले. पण २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षांत महाराष्ट्रातले दोन पक्ष दुभंगले आणि त्यांतल्या एकाबरोबर ते दुकानही. मधोमध प्लायवुडचा पडदा आला. शर्टिंग थोरल्याकडे, सूटिंग धाकट्याकडे, आणि दोघांच्याही पाटीवर ‘आमची मूळ शाखा हीच’. नाना रस्त्यावर अर्धा तास उभे. खालून एका गटाचे आणि वरून दुसऱ्या गटाचे होऊन घरी जायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

निवडणुकीच्या दिवशी ‘बोटाची शाई दाखवा, सवलत मिळवा’ अशा पाट्या लागतात, त्यांचा तर नानांना मनस्वी संताप. ‘मत कोणाला दिलं हे न विचारता सवलत?’

नानी मात्र तुळशीबागेतून दर महिन्याला काही ना काही आणतात आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात : ‘रंग पक्का आहे ना?’ नानाही हेच विचारतात म्हणा, फक्त दुकानदाराबद्दल. त्यांनी हे एकदा कुंटे चौकातल्या एका तरुण विक्रेत्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, ‘काका, सूत कोइमतूरचं, विणलंय इचलकरंजीत, शिवलंय तिरुपूरला, बटणं चीनची. आता यातल्या कोणाचं मत सांगू?’ नानांनी बटणांना हरकत घेतली. बाकी शर्ट आवडला होता.

तर यंदा पुतणीचं लग्न निघालं. नानांचा बरा म्हणावा असा सदरा एकच उरलेला, त्याचीही डावी बाही उजवीहून दीड इंच लांब. शिवणारा शिंपी जुना कार्यकर्ता, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. त्याला सोडून दुसरीकडे जाणं म्हणजे पक्षांतर. नानी म्हणाल्या, ‘या वेळी नवीन घ्यायचा. नाहीतर मी एकटी जाते लग्नाला.’ त्यामुळे आम्ही तिघं निघालो, आणि काय सांगू, नारायण पेठेच्या एका बोळात दुकान सापडलं!

हातमागाच्या कापडाचं, दहा बाय बाराचं. भिंतीवर साने गुरुजी. शेजारी एसेम जोशी. कॅलेंडर नाहीच. मालक नानांच्याच वयाचे, झब्ब्यातले. नानांनी पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ सापडावा तसे स्टुलावर बसले. चहा आला. शाखा निघाल्या, शिबिरं निघाली, आणीबाणीतला तुरुंग निघाला. एका निळीच्या कापडावर नानांनी हात ठेवला. भाव न विचारता. मालकांनी अडीच मीटर मोजलं, कात्रीने चीर दिली आणि टरकन फाडलं.

फाडता फाडता म्हणाले, ‘काही म्हणा, दुहेरी सदस्यत्वाचा मुद्दा तेव्हा ताणायला नको होता. सरकार टिकलं असतं.’

नानांनी कप खाली ठेवला. ‘ताणायला नको होता? तोच तर मुद्दा होता!’

पुढची पंचवीस मिनिटं दुकानात १९७९ साल होतं. दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शेवटी नाना उठले. ‘मला हे कापड नको.’

‘फाडलेलं कापड परत घेत नाही.’

‘फाडायची घाई तुम्हालाच. तेव्हाही होती.’

‘तेव्हा कोणी फाडलं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे,’ मालक म्हणाले आणि साने गुरुजींच्या फोटोखालून बिलबुक काढलं.

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. नानी काउंटरपाशी गेल्या, पदराच्या टोकातून पैसे काढून मोजून ठेवले, कापड उलगडून उजेडात धरलं आणि सवयीने विचारलं, ‘रंग जाणार नाही ना?’

पाठ फिरवून उभे असलेले दोघंही एकदमच म्हणाले, ‘नीळ आहे. पहिल्या दोन धुण्यांत थोडा जाणारच.’