दहांची यादी, दोन जिल्हे

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मराठवाड्यात चार विषय चालतात: हुरडा, लग्नाच्या तारखा, तुरीचा भाव आणि 'यंदाचे माझे आवडते दहा सिनेमे'. पहिल्या तीन विषयांवर निदान कुणीतरी विचारलेलं असतं. चौथा न विचारता येतो.

तो घेऊन येणारा माणूस समीक्षक नसतो. त्याचं मेडिकलचं दुकान असतं, विम्याची एजन्सी असते, नाहीतर तो झेडपीच्या शाळेत गणित शिकवत असतो. सिनेमाशी त्याचा व्यवहार तिकिटापुरता. पण नवं वर्ष उजाडायच्या आत आपली यादी बाहेर पडली नाही तर गावाचं काहीतरी अडेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. "लोक इचारायलेत की, यादी कवा लावणार म्हणून," असं तो सांगतो. हे लोक कोण, याचा पत्ता अजून कुणालाच लागलेला नाही.

या जातकुळीचे दोन पोटभेद आहेत. लातुरात त्याला 'सर' म्हणतात आणि नांदेडात 'भाऊ'. लातुरात तसे सगळेच सर असतात. ज्याने कधी खडू हातात धरला नाही त्यालाही तिथे सरच म्हणतात. दोघांच्या मध्ये अहमदपूर आणि लोहा ही गावं आहेत आणि बराच जुना हिशेब आहे. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे लातूरचे मुख्यमंत्री. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण हे नांदेडचे. इथे बरोबरी झाली. २००९ साली नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं, तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं. रेल्वेचं म्हणाल तर नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे कारभार सिकंदराबादचा. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. एवढं सगळं वाटून झाल्यावर सिनेमा तरी सामाईक ठेवावा, तर तेही नाही. सरांची आणि भाऊंची यादी म्हणजे सिनेमाच्या नावाखाली केलेली हद्दीची मोजणीच असते.

आधी सर. बारावीच्या गुणवत्ता यादीत राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची मुलं झळकायची, त्या काळात सर घडले. पुढे बोर्डाने ती यादी लावणं बंद केलं आणि 'लातूर पॅटर्न' डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेकडे वळला, पण सरांच्या डोक्यातला फलक काही उतरला नाही. त्यांच्याकडे दोनशे पानी रजिस्टर आहे. त्यात पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, टॉकीज, कथा ३०, अभिनय २०, दिग्दर्शन २०, संगीत २० आणि 'सहकुटुंब' १०. शेवटचा रकाना प्रात्यक्षिकाचा. सिनेमा चालू असताना सासूबाई उठून बाहेर गेल्या तर त्यात भोपळा. गुण लाल शाईने, बेरीज निळ्या शाईने, खाली पूर्ण सही. 'नीट' आल्यापासून सरांनी वजा गुणही सुरू केले आहेत. दोन सिनेमांची बेरीज सारखी आली तर ज्याची लांबी कमी तो वर, कारण "वेळेचं नियोजनबी बगावं लागतंय."

जगाच्या यादीवरही सरांचं लक्ष असतं. लंडनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. १ डिसेंबर २०२२ ला जी यादी आली तिच्यात शांताल अकरमन या बाईंचा १९७५ सालचा 'जान डीलमन' पहिला आला. तीन तास एकवीस मिनिटांच्या या सिनेमात एक बाई घरकाम करते, त्यात बटाटे सोलते. सरांना त्याचं काही वाटलं नाही. वेळेचं नियोजन चुकलं, एवढाच त्यांचा शेरा. त्यांना लागलं ते दुसरंच. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' त्या यादीत पस्तिसावा होता. "पस्तीस म्हंजे काठावर पास की हो!" हा क्रमांक आहे, गुण नव्हेत, असं समजावून सांगितल्यावरही सर दोन दिवस पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाचीच भाषा करत होते.

भाऊंकडे रजिस्टर नाही. त्यांचा सगळा पुरावा फोनमध्ये. तिकिटाचा फोटो, पडद्यापुढे उधळलेल्या कागदांचा व्हिडिओ आणि मध्यंतरात टाकलेला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज, ज्यात साडेतीन मिनिटं पॉपकॉर्नवाल्याशी बोलणं. भाऊंचा गाव देगलूर-बिलोलीकडचा, मामा निजामाबादला, मावशी आदिलाबादला. तेलुगू त्यांना कानाने येते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तो निजामापासून. तेलुगू सिनेमापासून मुक्त व्हायचा ठराव कुणी केल्याचं भाऊंना माहीत नाही. मोठ्या नटाचा सिनेमा लागला की ते सिकंदराबादची गाडी धरतात. "डब झाल्यावर पिच्चर बगणं म्हंजे दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं," हे त्यांचं मत, आणि ते हिंदीतून मांडायचीही त्यांची तयारी असते.

२०२२ हे साल या दोघांना पुरून उरलं. टाळेबंदीत अडकलेले सिनेमे एकामागून एक बाहेर पडत होते. २५ मार्चला 'आरआरआर' लागला आणि भाऊंनी पहिला दावा ठोकला. सिनेमातला भीम म्हणजे आदिलाबादकडचा गोंड नेता कोमराम भीम. किनवट ओलांडलं की त्याचाच मुलूख. "आपल्या शेजारचा माणूस हाय, सर." सरांनी रजिस्टर उघडलं. खरा कोमराम भीम निजामाशी लढला आणि सिनेमातला इंग्रजांशी लढतो, म्हणून कथेला ३० पैकी १८. भाऊंनी तेव्हा या सिनेमाला तिसरा नंबर दिला होता. पुढच्या मार्चमध्ये 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं आणि भाऊंची '२०२२ ची सुधारित यादी' आली, त्यात 'आरआरआर' पहिला. सरांनी उत्तर पाठवलं, "निकाल लागल्यावर पेपर लिहायलाव का?"

लातूरची बाजू सरांनी कन्नडवर सांभाळली. उदगीर, देवणी, निलंग्याच्या पलीकडे बीदर, आणि सरांची सासुरवाडी उदगीरची. 'केजीएफ'चा दुसरा भाग एप्रिलमध्ये, '७७७ चार्ली' जूनमध्ये आणि 'कांतारा' ३० सप्टेंबरला. 'कांतारा'चं हिंदी रूप आलं १४ ऑक्टोबरला. रजिस्टरमध्ये तारीख मात्र ३० सप्टेंबरचीच, कारण मेहुण्याने बीदरमध्ये पहिल्या दिवशी बघितला होता आणि फोनवर पूर्ण कथा सांगितली होती. भाऊंच्या मते ही तोतयेगिरी आहे. सरांच्या मते हा बहिःस्थ विद्यार्थी.

खरा घोळ मराठीने घातला. कोणता सिनेमा कोणत्या वर्षाचा, यावर दोघांनी जेवढा वेळ घालवला तेवढ्यात आणखी दोन सिनेमे बघून झाले असते. निखिल महाजन यांचा 'गोदावरी' भाऊंनी नदीसाठी घेतला. सिनेमा नाशिकचा, पण "पाणी तर नांदेडातूनच जातंय ना?" सर म्हणाले, नदीवरच घ्यायचा असेल तर आमची मांजरा तुमच्या गोदावरीलाच मिळते, तेव्हा निम्मा सिनेमा आमचा. मग वर्षाचा प्रश्न निघाला. जितेंद्र जोशींना 'गोदावरी'साठी गोव्याच्या इफ्फीत अभिनयाचं पारितोषिक मिळालं २०२१ च्या नोव्हेंबरात. टॉकीजमध्ये सिनेमा आला ११ नोव्हेंबर २०२२ ला. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, तोही २०२१ सालासाठी. "प्रवेश एकवीसचा, परीक्षा बावीसची, निकाल तेवीसला," सरांनी विचारलं, "असला पोरगा कोणत्या बॅचचा धरायचा?"

'गोष्ट एका पैठणीची'ने तर सरांची झोपच उडवली. सर्वोत्तम मराठी सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला जुलै २०२२ मध्ये जाहीर झाला, २०२० सालासाठी, आणि लोकांसाठी सिनेमा लागला २ डिसेंबर २०२२ ला. आधी निकाल आणि मग परीक्षा, हा प्रकार लातूर पॅटर्नमध्ये बसत नाही. सरांनी सिनेमाला चांगले ७८ गुण दिले आणि समोर शेरा मारला: 'कागदपत्रांच्या अधीन राहून'.

बाकीच्यांत फार वाद नव्हता. 'पावनखिंड' दोघांनी घेतला. प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला 'चंद्रमुखी' २९ एप्रिलला आला आणि त्यांनीच आनंद दिघे साकारलेला 'धर्मवीर' १३ मे रोजी. 'धर्मवीर' मे महिन्यात सरांच्या रजिस्टरात सिनेमा होता. ३० जूनला दिघे यांचे शिष्य एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि सरांना त्या पानावर टाचण लावावं लागलं. तेव्हापासून त्याचा नंबर चहाला समोर कोण बसलंय ते बघून सांगितला जातो. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' नागपूरचा, दिग्दर्शक मराठी, भाषा हिंदी. भाऊंनी तो मराठीत धरला, सरांनी हिंदीत. शेवटी दोघांनी मिळून अमिताभ बच्चन यांना गेस्ट लेक्चरर ठरवून विषय संपवला.

सरांनी २०२२ ची यादी २५ डिसेंबरला बंद केली. खाली दुहेरी रेघ मारली. आणि ३० डिसेंबरच्या शुक्रवारी 'वेड' लागला.

बाभळगावच्या रितेश देशमुखने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, जिनिलियाची मराठीतली पहिली मुख्य भूमिका आणि गाणी अजय-अतुलची. लातूरचा माणूस असा सिनेमा यादीबाहेर ठेवून गंजगोलाईतून चालत कसा जाणार? ज्यांनी आयुष्यभर 'अंतिम तारीख म्हणजे अंतिम तारीख' शिकवलं, त्या सरांनी दुहेरी रेघेखाली अकरावी ओळ आखली. दहांच्या यादीत अकरावा कसा, असं विचारल्यावर ते खाली बघत म्हणाले, "मॅनेजमेंट कोटा."

भाऊ याच क्षणाची वाट बघत होते. 'वेड' हा तेलुगू 'माजिली'चा रीमेक. 'माजिली' आला एप्रिल २०१९ मध्ये, नाग चैतन्य आणि समांथा यांचा. "सर, ह्या स्टोरीवर मी तीन वर्सामागंच रडून मोकळा झालोय!" सर डगमगले नाहीत. 'सैराट'चा कन्नडमध्ये २०१७ साली 'मनसु मल्लिगे' झाला आणि हिंदीत २०१८ साली 'धडक'; तेव्हा कुणी म्हटलं का, तुमचं उसनं आहे म्हणून? भाऊंनी 'सैराट'वरही हक्क सांगितला. आर्ची आणि परश्या पळून जातात ते हैदराबादला, म्हणजे मध्यंतरानंतरचा 'सैराट' भाऊंच्या हद्दीत येतो. मध्यंतराआधीचा करमाळ्याचा, म्हणजे सोलापूरचा. त्यात लातूरला काहीच येत नाही.

सर गप्प बसले. त्यांनी २०१६ चं रजिस्टर काढून दाखवलं. एप्रिलच्या पानावर 'सैराट', २९ तारीख, ९१ गुण. त्याच्या वर, १२ तारखेसमोर, सिनेमाच्या रजिस्टरात लातूरच्या दुष्काळाची एक भलतीच नोंद: 'मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, १० वाघिणी, अंदाजे ५ लाख लिटर'. गुणांचा रकाना कोरा. भाऊंनी तेवढ्या पानावर वाद घातला नाही. पुढच्या पानावर लगेच घातला.

अशा माणसांना नावं ठेवणं सोपं आहे. पण लातूर-नांदेडात मराठी सिनेमा कोणत्या शुक्रवारी येतो, किती वाजता लागतो आणि कधी उतरतो, हे बिनचूक सांगणारे लोक हेच. सरांची लाल शाई आणि भाऊंचे व्हॉइस मेसेज नसते, तर निम्म्या गावाला 'मीडियम स्पायसी' ही हॉटेलची ऑर्डर वाटली असती.

आता निकाल. २०२२ च्या दोन्ही अंतिम याद्या शेजारी ठेवल्या, तर पहिल्या तीनमध्ये सामाईक सिनेमा एकच: 'मी वसंतराव'. वसंतराव देशपांडे यांच्या भूमिकेत त्यांचा नातू राहुल देशपांडे, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी यांचं आणि राहुल यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार. सरांनी संगीताला २० पैकी २० दिले; भाऊंनी एकही शिट्टी न वाजवता बघितलेला हा वर्षातला एकमेव सिनेमा. सिनेमा १ एप्रिलला टॉकीजमध्ये लागला होता. दोघांनीही तो पुढे मोबाइलवर बघितला, कारण रविवारी जाऊ म्हणेपर्यंत शो उतरला होता. तेव्हा वाचकहो, यादी डिसेंबरात सावकाश करा, पण मराठी सिनेमाचं तिकीट पहिल्या शुक्रवारीच काढा.