कोकणकड्यावरचा सूर्योदय

हौशी छायाचित्रकार ‘अगदी स्पष्ट सांगा हं’ असं म्हणाला की समजावं, गड्याला स्पष्ट काहीही ऐकायचं नाही. आमच्या फोटो-मंडळाच्या मासिक बैठकीत हे वाक्य दर फोटोमागे एकदा येतं. त्यानंतर जे काही बोललं जातं त्याला इतिवृत्तात ‘रसग्रहण’ म्हणतात.

परवा पडद्यावर हरिश्चंद्रगड आला. कोकणकड्याची धार, खाली ढगांचा समुद्र आणि समोर, बरोब्बर मधोमध, केशरी सूर्याचा गोळा. शीर्षक : ‘कोकणकड्यावरचा सूर्योदय’.

पहिला अभिप्राय रिवाजाप्रमाणे खजिनदारांचा. “वा! लेन्स कुठली?” मग लेन्सचं नाव, तिची किंमत, ती दुबईहून कोणाच्या मेहुण्यानं आणली आणि कस्टमवाल्यांना काय सांगितलं, एवढं सगळं झालं. कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही खरं तर मेहुण्याचं.

मग नियमवाले सरसावले. “सूर्य मधोमध? रूल ऑफ थर्ड्सचं काय?” हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. तेव्हा कॅमेऱ्यानं फोटो काढणं ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. आमच्याकडे मात्र त्याखाली शिक्षा होते.

क्षितिज वाकडं असल्याचीही तक्रार आली, आणि ती रास्त होती. सह्याद्रीत ही चोरी पचतच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. गवंड्यानं पाणसळ लावून बांधाव्यात तशा कड्यांवरच्या आडव्या पट्ट्या आजही दिसतात. इतकी वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्या सरळ राहिल्या. आमच्या सदस्यानं ट्रायपॉड उभा केला आणि सगळा डोंगर डावीकडे कलला.

टीका झाली की आमच्याकडे फोटोनं उत्तर द्यायचं नसतं, पायांनी द्यायचं असतं. “अहो, रात्री तीनला उठलोय! खिरेश्वरहून चढलो, तोलारखिंडीतून, पाठीवर एवढं ओझं घेऊन.” घामाचा असा हिशेब मांडला की टीकाकार खजील होतो, असा समज आहे. आमचे टीकाकार त्यातले नव्हेत. “मग पाचनईहून का नाही गेलात? निम्म्या वेळात पोचला असतात.” झालं! इथून चर्चा वाटांवर गेली आणि वाटांवरून गडावर पिठलं-भाकरी कुठली चांगली, इथे येऊन स्थिरावली. संपूर्ण बैठकीत प्रामाणिक अभिप्राय आले ते या विषयावर.

“केशरी जरा जास्त झालंय का?” असं एकानं चाचरत विचारलं. त्यावर ठेवणीतलं अस्त्र निघालं : “ॲन्सेल ॲडम्ससुद्धा करायचा!” करायचा, हे खरंच. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यानं टिपला. उजेड झपाट्यानं चालला होता, लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्यानं एक्स्पोजर काढलं. पुढे त्याच निगेटिव्हच्या प्रती छापताना तो आकाश अधिकाधिक गडद करत गेला. त्यात त्याची काही दशकं गेली. आमच्या सदस्याचं काम रिक्षा सिग्नलला थांबली तेवढ्यात, अंगठ्यानं झालं.

एवढ्यात मागच्या रांगेतून, पहिल्यांदाच आलेल्या एका कॉलेजातल्या मुलीनं हात वर केला. “काका, कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे ना? सकाळी तिथे सूर्य आपल्या पाठीशी असतो. म्हणून तर नशीब असलं की दरीतल्या धुक्यात इंद्रवज्र दिसतं. मग हा समोरून कसा उगवला?”

पाऊण तास आम्ही त्या फोटोवर बोलत होतो. लेन्स झाली, नियम झाला, पिठलं झालं. सूर्याकडे बघायला कोणाला सवड मिळाली नव्हती.

“सूर्यास्तच आहे तो, शीर्षकात टायपिंगची चूक,” सदस्य म्हणाले. मग रात्री तीनला उठून दिवसभर काय केलंत, हे विचारण्याइतकं कोणी असभ्य नव्हतं. अध्यक्षांनी कलेत दिशा पाहायच्या नसतात असं सांगून, नव्या सभासदांनी पहिल्या तीन बैठकांत केवळ ऐकावं, अशी सूचना नोंदवून घेतली. तोडगा निघाला तो सचिवांकडून. ते संगणकातले जाणकार. म्हणाले, “शीर्षक कशाला बदलायचं? फोटो फ्लिप करू. डाव्याचं उजवं झालं की पश्चिमेची पूर्व होईल!”

ठराव एकमतानं मंजूर झाला. मुलीचं मत, ऐकण्याचा काळ चालू असल्यामुळे, धरलं नाही. आता तो फोटो मंडळाच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या पानावर येतोय. क्षितिज तेवढं उजवीकडे कललेलं दिसेल.