जालन्यात बसून कोड कसा लिहावा
(नवोदितांसाठी पाच कलमी मार्गदर्शिका)

सॉफ्टवेअरचे काम करायला पुण्यालाच जावे लागते, हा गैरसमज आधी काढून टाकावा. लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि घरच्यांची सहनशक्ती एवढे भांडवल पुरते. बाकी पुढील कलमांप्रमाणे.

कलम १ : व्यवसायाचा खुलासा

जालन्यात कंपनी म्हटले की सळईची, नाहीतर बियाण्याची. महिको इथे १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बियाणे लोकांना कळते. सळई तर उचलूनच बघता येते. तुमचा माल दिसत नाही, त्यामुळे लग्नात पाहुणे "करतोस काय नेमकं?" असे विचारणारच. तत्त्वज्ञानात न शिरता "पैसे भरायचं ॲप बनवतो" म्हणावे. लगेच चार मोबाईल पुढे येतील आणि कुणाचा तरी ओटीपी येत नसेल. तो आणून द्यावा. जिल्ह्यात नाव होण्याचा हाच राजमार्ग आहे.

कलम २ : कोड लिहिणे

यासाठी परदेशी ग्रंथ मागवू नयेत. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. ओळीला ओळ भिडू नये. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते. इंडेंटेशन, एकसारखी शैली आणि बॅकअप, तिन्हींची सोय एका समासात! तरीही आपण व्हेरिएबलला 'टेम्प', 'टेम्प२', 'टेम्प_फायनल' आणि अखेर 'टेम्प_फायनल_खरंच' अशी नावे देतो. नाव असे असावे, की तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला फोन करावा लागू नये. आपण रजेवर असताना फोन यावेत अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी 'टेम्प३' ठेवावे.

कलम ३ : साधने

व्हीआय आणि ईमॅक्स हे दोन्ही एडिटर १९७६ चे. त्यांतला श्रेष्ठ कोणता हा वाद अजून मिटलेला नाही. या वादात जरूर पडावे, त्यात काम न करण्याचे अर्धे दिवस सहज निघतात. उरलेल्या अर्ध्या दिवसांसाठी पडद्याची रंगसंगती निवडावी.

गिट मात्र शिकावेच. लिनस टॉरवल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले. कुणी, कधी, काय बदलले याची ते नोंद ठेवते. 'का बदलले' हे तेवढे आपण लिहायचे असते. प्रचलित नोंदी अशा : "बदल केला", "परत बदल केला", "आता चालतंय", "कुणी हात लावू नका". हे मजकूर प्रमाण मानावेत, म्हणजे पुढच्या माणसाची आयुष्यभराची सोय होते.

कोड एआयकडून लिहून घ्यायला हरकत नाही. रात्री दोनला ॲप बंद पडल्यावर फोन कुणाला येतो, एवढे लक्षात ठेवावे.

कलम ४ : चूक शोधणे

'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या १९९९ च्या पुस्तकामुळे एक उपाय जगभर गेला : रबरी बदक समोर ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगणे. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. पण बदक उलटून प्रश्न विचारत नाही. म्हणून आपल्याकडे आजीला बसवावे. पैसे भरायचे बटण तिला समजावून सांगताच ती विचारते, "आन् मधीच लाईट गेली तर? पोरगं परत दाबंल. पैशे दोनदा जातील का?"

जातील. भल्या भल्यांच्या तपासणीतून निसटणारी चूक ती हीच. उपाय सोपा आहे : प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि बटण परत दाबले तरी तोच पाठवावा. सर्व्हरने आधी पाहिलेला क्रमांक पुन्हा आला, तर पैसे न कापता जुनीच पावती दाखवावी. श्रेय आजीला द्यावे. पगार देऊ नये, सवय लागते.

कलम ५ : व्याख्यान

एखाद्या महाविद्यालयाकडून 'दोन शब्द' बोलायचे निमंत्रण येईल. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि उपस्थित सर्वांचा नामोल्लेख झाल्यावर खरोखर दोनच शब्दांपुरता वेळ उरतो, त्यामुळे साठ स्लाइडी नेऊ नयेत. प्रोजेक्टरची वायर तुमच्या लॅपटॉपला बसणार नाही, हे गृहीत धरावे. प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ आधीच करून ठेवावा आणि अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढे मोठे ठेवावे. समोरच्याला वाचता आले पाहिजे, हा नियम कोडला आहे तसाच भिंतीवरच्या पडद्यालाही आहे.

बोलण्याची पथ्येही दासबोधात सापडतात. चौदाव्या दशकातल्या कीर्तनलक्षणाच्या समासात कर्कशपणा, खटखट आणि गर्व वर्ज्य सांगितले आहेत. हे तिन्ही सोडल्यावर तंत्रज्ञानावरच्या व्याख्यानात काय उरते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

ही पाचही कलमे तोंडपाठ करून जे दुसऱ्यांना ऐकवत फिरतील, आणि स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा कोड उघडला की ज्यांना त्यातले काही समजणार नाही, त्यांच्यासाठी समर्थांनी दुसऱ्या दशकाचा दहावा समास राखून ठेवला आहे. त्याचा विषय : पढतमूर्ख.