मक्षिकांचे अव्वल कारकून

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या अंगी उरलेला अंमल कोठेतरी गाजवावा लागतोच. कोणी तो भजनी मंडळाच्या हिशेबावर गाजवतो, कोणी वाटणीच्या दाव्यात सख्ख्या भावावर. परंतु बेळगावजवळच्या सांबऱ्यासारख्या गावी घराला परसू, परसात शेवगा आणि दरमहा बिनबोभाट जमा होणारे निवृत्तिवेतन एवढी सामग्री एकत्र आली, की क्वचित एक निराळीच जात निपजते, ती हौशी मधुपालकाची. हा गृहस्थ बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेला असतो, गाव त्याला ‘मामा’ म्हणते, आणि सातेरी माशांची पहिली पेटी ज्या दिवशी परसात येऊन बसते, त्या दिवशी त्याची बंद पडलेली कचेरी पुन्हा सुरू होते.

पेटीच्या चारी पायांखाली मुंग्यांना अटकाव म्हणून पाण्याच्या वाट्या असतात, आणि शेजारी स्टुलावर लाल कापडात बांधलेले दप्तर. त्यात राणीची हजेरी, अंड्यांची आणेवारी, परागाची आवक, मेणकिड्याचा उपद्रव व त्यावरील बंदोबस्त या बाबी तारीखवार दाखल होतात. राणी दिसली नाही तर मामा ‘गैरहजर’ असा शेरा मारतात. ती दुसऱ्या चौकटीच्या मागच्या अंगाला निवांत अंडी घालीत असते, परंतु शेरा एकदा पडला की तो खोडण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न उरतोच.

पेटी स्वस्त पडावी म्हणून ती गावच्या सुताराकडून करून घ्यायची, हा मामांचा पहिला करारीपणा. चौकटी सुट्या काढता येतील अशी पेटी ज्याच्यामुळे शक्य झाली, त्या लँगस्ट्रॉथ नामक अमेरिकन पाद्र्याने 1851 साली असे हेरले होते, की दोन पृष्ठभागांत सुमारे तीन अष्टमांश इंच जागा सोडली तर माशा ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. कमी सोडली तर बुजवून टाकतात आणि अधिक सोडली तर तेथे आणखी एक पोळे बांधतात. तीन अष्टमांश इंच म्हणजे सुताराच्या भाषेत नेमके तीन सूत. मामा हा सिद्धान्त इतिहास-भूगोलासह सांगतात, सुतार शेवटपर्यंत ऐकून घेतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि म्हणतो, “होय की वो मामा, खरं एखादं सूत हिकडंतिकडं चालतंय.” माशांना ते चालत नाही. महिनाभराने सगळ्या चौकटी एकमेकींस अशा जखडलेल्या आढळतात, की वाटणीचा दावा मांडल्यावाचून त्या वेगळ्या होऊ नयेत.

सातेरी माशी स्वभावाने सौम्य, पण नाराज झाली की सर्व कुटुंबकबिल्यासह घर सोडून जाण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. उन्हाळ्यात फुलोरा संपावा, मुंग्या लागाव्यात, किंवा मामांनी दिवसातून तिसऱ्यांदा झाकण उघडून हजेरी घ्यावी, एवढे कारण तिला पुरते. मग एका सकाळी सारी वसाहत भोवंडत उठते आणि शेजारच्या आंब्यावर लोंबू लागते; मामा जाळीचा टोप उलटा घालून पितळी ताट बडवीत धावतात. ताट बडवण्याचा हा उपाय अडाणीपणाचा म्हणून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की व्हर्जिल या रोमन महाकवीने दोन हजार वर्षांपूर्वी झांजा वाजवण्याचाच सल्ला दिलेला आहे, आणि माशांनी तो तेव्हाही मनावर घेतला असेल असे मला वाटत नाही. मामांचा खरा आधार मात्र काव्य नसून कायदा असतो. उडालेला थवा जोवर दृष्टीआड झालेला नाही आणि त्याचा पाठलाग दुष्कर झालेला नाही, तोवर त्याची मालकी मूळ धन्याकडेच राहते, हे जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथातील कलम ते आंब्याखाली उभे राहून शेजारणीस समजावून सांगतात. “बादशहा असू दे वो,” ती म्हणते, “माशा आमच्या वाळवणावर बसाल्यात, ते बघा आधी.” दप्तरात त्या दिवशी ‘वसाहत फरारी’ अशी नोंद होते व खाली पंचांच्या सह्या असतात.

सांबऱ्यास विमानतळ आहे. तो 1942 साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला, आणि मामांच्या शास्त्रात त्याला फार मोठे स्थान आहे. कारण नवी राणी उमेदीच्या दिवसांत पेटीबाहेर पडून उंच अंतराळात अनेक नरांशी समागम करते, आणि ते उड्डाण फसले तर वसाहतीचा वंश खुंटतो. राणी परतली नाही की मामा दुपारच्या विमानाकडे बोट दाखवतात. पाखरांनी तिला वाटेत गिळले असण्याचा संभव अधिक, हे त्यांना ठाऊक असते, पण पाखराविरुद्ध अर्ज कोणाकडे करणार?

नर माशांविषयी मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. नर कवडीचे काम करीत नाहीत, आयता मध खातात, आणि टंचाई आली की कामकरी माशा त्यांना दारापासून हुसकावून लावतात, हे व्याख्यान मामा पाहुण्यांपुढे मोठ्या रंगात येऊन देत असत. एकदा मामींनी चहाचा पेला पुढे ठेवता ठेवता सहज विचारले, “आणि त्या नरांना पेन्शन असतंय काय वो?” तेव्हापासून हे प्रकरण दाखल दप्तर झाले आहे.

राहता राहिला मध. एक सातेरी पेटी साल चांगले गेले तर काही किलो देते. तो मामांच्या मते जांभळाचा, आणि माशा सारा दिवस बागलकोट रस्त्यावरच्या रसवंतीवर घोंगावताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांच्या मते उसाचा. खर्च वजा जाता प्रत्येक बाटली सोन्याच्या भावाने पडते, तरी मामा ती फुकट वाटतात. खरा लाभ ज्या शेजारणीचे वाळवण बिघडते तिलाच होतो. तिच्या परसातल्या काकडीची फुले याच माशा फळवतात, आणि या बाबीची नोंद मात्र दप्तरात कोठेही नाही. उलट थंडीत बाटलीतला मध खाली रवाळ होऊन बसला, की तीच कुंपणावरून विचारते, “मामा, साखर घातलासा काय?” मग शुद्धतेची ग्रामपरीक्षा सुरू होते: कुत्रा तोंड लावतो का, मुंगी चढते का, वात पेटते का. खरे म्हणजे अस्सल मधाला मुंग्या खुशाल लागतात, आणि मध गोठतो तो त्यातील द्राक्षशर्करेमुळे. त्याचा भेसळीशी संबंध नाही. तेव्हा अशा एखाद्या मामांची बाटली आपल्या घरी आली असल्यास, थंडीत तिच्यातला मध गोठला तरी परत करू नये व कुत्र्यासही बोलावू नये; कोमट पाण्याच्या पातेल्यात ती थोडा वेळ उभी ठेवावी, मध पूर्ववत पातळ होतो.