बिनचावीच्या कुलपाच्या दोन चाव्या

बिनचावीच्या कुलपाच्या खोक्यात सगळ्यात खाली दोन चाव्या निघतात. अडीअडचणीला म्हणून. त्या ठेवायच्या कुठे, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. घरात ठेवल्या तर अडचणीच्या वेळी त्या दाराच्या पलीकडे आणि आपण अलीकडे. खिशात ठेवल्या तर मग वीस-पंचवीस हजार घालवले कशाला?

पण हा प्रश्न विचारायचा नसतो. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत नुसत्या लॅचवर राहणारा माणूस सध्या मागासलेला ठरतो. चार मजली सोसायटी पाडून टॉवर उभा करताना जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, यावर सभासद वर्षानुवर्षं भांडतात; सुविधांच्या यादीतल्या ‘डिजिटल लॉक’वर मात्र पहिल्या सभेतच एकमत. ज्यांच्या बिल्डिंगचा नंबर अजून लागलेला नाही, ते मग स्वखर्चाने पुढारतात. आमच्या जिन्यातले चौथ्या मजल्यावरचे काका असेच पुढारले.

खरं तर कुलपाच्या बाबतीत हा पट्टा मानाचा. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेच्या अवजारांचा धंदा करून पाहिला, तो बसला. मग शहरातल्या घरफोड्यांची बातमी वाचून कुलपं करायला घेतली, असं सांगतात. ते साल 1897, जागा लालबाग. पुढे कारखाना विक्रोळीला आला आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांवर मतपेट्या तिथून देशभर गेल्या. बाहेरून कुलूप लावलं तर पेटी महाग पडत होती, म्हणून ते पेटीच्या आतच बसवलं. अख्ख्या देशाची मतं ज्या हिशेबीपणाने सुरक्षित राहिली, त्याच्या अगदी उलट हिशेब आता विक्रोळीच्या आजूबाजूचे लोक दोन खोल्यांसाठी करतात.

काकांकडे कुलूप बसवायला कंपनीचा माणूस आला. त्याने दाराला कागदी साचा चिकटवला, जाडी मोजली, ड्रिल काढलं आणि जुन्या लॅचचं भोक बघून मान हलवली. पहिला तासभर भुसा पडला. मग नवं कुलूप दारात बसलं, पण बाहेरची जाळी बंद होईना. मुंबईच्या फ्लॅटला दोन दारं असतात: आत लाकडी, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. दोन्हींच्या मधे एक पंजा आडवा जाईल एवढीच जागा, आणि या कुलपाचा दांडा नेमका तिथे बाहेर येतो. ‘साहेब, सेफ्टी डोअर पुढे घ्यावा लागेल,’ माणूस म्हणाला. फॅब्रिकेटर आला, चौकट पुढे सरकली, समोरच्यांनी पॅसेज अडवल्याची तोंडी तक्रार केली. सगळं उरकल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की पुढच्या सेफ्टी डोअरला जुनंच लॅच आहे आणि ते चावीनेच उघडतं. म्हणजे काका आता आधी चावीने जाळी उघडतात आणि मग आत बिनचावीचं दार उघडतात.

आणखी एक दुखणं म्हणजे जाळी लावली की कुलूप दिसत नाही. शनी शिंगणापूरला घरांना दारं-कुलपं न लावण्याची प्रथा, म्हणून 2011 मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली तेव्हा काचेचं दार बसवलं आणि रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप चटकन कोणाच्या नजरेत येऊ नये असं लपवलं. काकांना नेमकं उलटं हवंय. पाहुणे यायचे असले की ते जाळी सताड उघडी ठेवतात. सुरक्षितता कमी झाली तरी चालेल, निळा दिवा दिसला पाहिजे.

पिन कोणता ठेवायचा यावर घरात परिसंवाद झाला. शेवटी बंद केलेल्या एमटीएनएलच्या फोनचा नंबर ठरला, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच. सोसायटीच्या जुन्या यादीत तो छापलेला आहे. या कुलपांत एक सोय असते: खऱ्या पिनच्या आगेमागे वाटेल ते आकडे दाबले तरी दार उघडतं, म्हणजे मागे उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. काका आधी भरमसाट आकडे दाबतात आणि खरे आले की पुटपुटतात. लिफ्टची वाट पाहणाऱ्याला फक्त पुटपुटलेले लक्षात ठेवायचे असतात.

भांडी घासणाऱ्या मावशींचं बोट काही लागेना. साबण, राख, तारेची घासणी यांत बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशनच्या दुकानातलं मशीनही त्यांना याच कारणाने दोन-दोनदा अंगठा ठेवायला लावतं. काकांचंही बोट साठीनंतर पहिल्या दमात लागत नाही, पण ते दोष सेन्सरला देतात. मावशींना शेवटी वेगळा पिन दिला, रोज सकाळी ठरावीक वेळातच चालणारा. त्या दिवशी मेगाब्लॉक नसला म्हणजे झालं.

इथपर्यंत गंमत होती. मग काकांना ॲपमधला ‘हिस्टरी’चा रकाना सापडला आणि हे कुलूप नक्की कोणासाठी घेतलं ते उघड झालं.

त्यात दार कोणी, कोणत्या वाराला, किती वाजता उघडलं ते सगळं येतं. चोराचं नाव अजून एकदाही आलेलं नाही. आला तो मुलगा, रात्री पाऊण वाजता, ‘अकराला घरी होतो’ म्हणणारा. आल्या त्या मावशी, नेहमीपेक्षा वीस मिनिटं उशिरा; आता पगाराच्या दिवशी फोन समोर धरून हिशेब होतो. सून ‘ऑफिसातून थेट’ आली नव्हती. काकू भिशीहून चारला येणार होत्या, साडेसहाला आल्या. पूर्वी उशिरा येणारा माणूस चप्पल हातात घेऊन, लॅच हळूच फिरवून आत यायचा आणि घर झोपेचं सोंग घ्यायचं. त्या सोंगावर कितीतरी घरं सुखाने नांदली. आता दार उघडलं की कुलूप टिंगटिंग वाजतं, इंग्रजीत स्वागत करतं आणि काकांच्या उशाशी फोन थरथरतो. सुनेने परवा तो रकाना स्वतःच्या फोनवर घेतला. तेव्हापासून काका दुपारी ‘जरा पाय मोकळे करायला’ किती वेळ जातात आणि परत येताना त्यांच्या हाताला वडापावचा वास का असतो, याचीही नोंद घरात उपलब्ध आहे.

आणि चोर? तो बिचारा दाराच्या वाटेने येतोच कशाला? तो व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात येतो, डिजिटल अटक करतो आणि खातं रिकामं करायला लावतो. 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की अशी अटक कायद्यात नाहीच. त्या चोराला आपण बोट, ओटीपी, आधार सगळं अदबीने देतो. मावशींना पिन देताना मात्र तीनदा विचार करतो.

राहता राहिले सेल. चार पेन्सिल सेलवर हे प्रकरण चालतं. संपत आले की कुलूप आठवडेच्या आठवडे कुंईकुंई करतं आणि घरातला प्रत्येक जण तो आवाज फ्रीजचा समजतो. शेवटी ते गप्प झालं तर बाहेरून दोन ठिपक्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची, दार उघडतं. ही बॅटरी काकांनी आठवणीने आणून ठेवली आहे. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, त्या दोन चाव्यांशेजारी.

आता कमिटीला काळजी लागली आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं पडली-झडली, आतून गॅसचा वास आला, तर अग्निशमन दल येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून सेक्रेटरींनी परिपत्रक काढलं: डिजिटल कुलूप असणाऱ्या सर्व सभासदांनी आपापले पिन ऑफिसात लिहून द्यावेत. पुढारलेल्यांनी दिले. लांब वहीत, निळ्या बॉलपेनने, फ्लॅट नंबरच्या क्रमाने. वही ऑफिसच्या लोखंडी कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं आणि चावी वॉचमनकडे.