पार आणि पार्किंग

ताई हृषीकेशला जाऊन आली आणि आमच्या घरातली शांती गेली. तिथून तिने एकशेचाळीस फोटो पाठवले. गंगा, गंगेपुढे ताई, ताईपुढे थाळी, थाळीशेजारी भावोजी आणि भावोजींच्या मागे पुन्हा गंगा. खाली ओळ होती, ‘पायी फिरल्याशिवाय गाव कळत नाही.’ ताईला खारघरात कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी लागते, पण हे मी आईच्या देखत बोललो नाही.

‘‘अहो, वन्सं म्हणतात ते खरंय. आपणही एखादं नदीकाठचं देवाधर्माचं गाव बघू या. सगळ्यांनी. चालत,’’ बायको म्हणाली. सगळ्यांनी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, गुडघ्यांसकट. नुकताच कॉलेजात गेलेला मुलगा, मोबाइलसकट. आणि मी, खर्चासकट.

मी म्हणालो, ‘‘अगं, आपण राहतो कुठे? धरमतरला. नदी दारात आहे. आणि साधीसुधी नाही, पालीच्या बल्लाळेश्वराच्या गावावरून आलेली अंबा आहे. अष्टविनायकाचं तीर्थ घरपोच येतंय, डिलिव्हरीचे पैसे न घेता.’’

खरं तर आमच्या गावाचं नाव नीट वाचलं तर कुणाला हृषीकेशला जायची गरजच पडू नये. तर म्हणजे होडीतून पलीकडे जायची जागा. जिथे उतारूकडून पैसे घेत नाहीत ती धर्माची तर, असा या नावाचा अर्थ लावतात. आणि संस्कृतातला ‘तीर्थ’ हा शब्दही त्याच धातूचा, तरून जाण्याचा. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडता येईल असा उतार. देवळं मागून आली, पुजारी त्यांच्यामागून, चपला सांभाळणारे सगळ्यांत शेवटी. या हिशेबाने धरमतर हे अस्सल तीर्थ ठरतं, वर फुकट. देशात दुसरं दाखवा.

‘‘पण तिथे बघायचं काय?’’ मुलाने विचारलं.

‘‘बार्ज,’’ मी म्हणालो.

तरी सराव म्हणून आम्ही एका संध्याकाळी धरमतरच्या पुलापर्यंत चालत गेलो. खालून कोळशाचे आणि लोहखनिजाचे बार्ज चालले होते आणि वरून त्यांचेच भाऊबंद असावेत असे डंपर. आम्ही चौघे कठड्याला चिकटून एकामागे एक, पताका विसरलेल्या दिंडीसारखे. शेजारून डंपर गेला की पूल हलायचा, पूल हलला की बायको ‘गणपती बाप्पा’ म्हणायची. वीस मिनिटांत इतकं नामस्मरण हृषीकेशात ताईचंही झालं नसेल. घरी येऊन तोंड पुसलं, तर टॉवेलवर अंगारा.

आईला मात्र मजा आली. ती लग्न होऊन आली ती भाऊच्या धक्क्यावरून लाँचने. धरमतरला उतरली. ‘‘सगळं वऱ्हाड लाँचमधून आलं,’’ ती पुलावरून खाली बघत म्हणाली, ‘‘पण लाँच कुठे लावायची, असं कुणी विचारलं नाही.’’

हे वाक्य पुढे सहलीच्या दिवशीही आमच्या पाठीमागे चालणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

धरमतर एकमताने नापास झाल्यावर मुलाने हृषीकेशाची लक्षणं काढली. नदी, पूल, राफ्टिंग, महात्मे आणि परदेशी माणसं. मी एका दमात उत्तर दिलं, रोहा! नदी आहे, कुंडलिका. तिच्यावर अलीकडे रोहा आणि पलीकडे अष्टमी, मध्ये पूल, नगरपरिषद दोघांची मिळून एक. राफ्टिंग कोलाडला. महात्मे तर घाऊक आहेत. परदेशी माणसं नाहीत, पण धाटावच्या एमआयडीसीतला माल परदेशी जातो, तेवढ्यावर भागवू.

जायचं कसं, यावर चर्चाच झाली नाही. महामार्गाचं नाव काढताच आईने कमरेला हात लावला. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. तो शिकून मोठा झाला, रस्ता अजून शिकतोच आहे. मी नास्तिक माणसाला नेहमी सांगतो, की पळस्पे ते इंदापूर एकदा पावसाळ्यात ये, इंदापूरला पोचेपर्यंत तुझी सगळी दैवतं ठरलेली असतील.

तेव्हा मिनीडोरने पेण आणि पेणहून दिवा–रोहा गाडी. पेणबद्दल एक सांगायला हवं. तिथे बारा महिने देव तयार होतात, गल्लीगल्लीत, हमरापूर-जोह्यापर्यंत. साच्यातून निघालेले, सोंड ओली असलेले, डोळे उघडायची वाट बघणारे. इतके देव एका जागी असूनही पेणला कुणी आध्यात्मिक गाव म्हणत नाही. म्हणणार तरी कसे? तिथले लोक देवाशी काम करत असतात, त्यांना अध्यात्माला वेळ कुठला!

कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. इथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. म्हणजे हाही एक काठच. आम्ही उतरलो आणि ठरल्याप्रमाणे चालू लागलो. पहिल्या नाक्यावर मी एका रिक्षावाल्याला विचारलं, ‘‘दादा, नदीवर चालत कसं जायचं?’’

त्याने आम्हा चौघांकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, ‘‘नदीवर? कोण गेलं?’’

‘‘अजून आहे मी,’’ आई म्हणाली.

त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आपल्याकडे घरची सगळी माणसं मिळून पायी नदीवर जातात ती दहाव्यालाच. एरवी नदी पुलावरून बघायची, तीही गाडीची काच वर करून. त्याने वाट सांगितली आणि पैसे न घेता दोन शब्द सांत्वनाचेही सांगितले.

आधी धावीर महाराजांचं दर्शन घेतलं. रोह्याचं हे ग्रामदैवत. दसऱ्याच्या उत्सवात यांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन रांगेत उभे राहतात आणि देवाला मानवंदना देतात. इंग्रजांच्या काळापासूनची रीत. देवाला पोलिसांनी सलाम ठोकायचा, हे आईला फार आवडलं. मुलाला आवडलं नाही. त्याच्या मते पोलीस आणि देव यांच्यात एकाने तरी दुसऱ्यावर लक्ष ठेवायला हवं. नवी पिढी श्रद्धाळू नाही ती ही अशी.

देवळाबाहेर आम्हाला तीन गाड्यांनी थांबवलं. एक ठाण्याची, दोन पुण्याच्या. तिघांचा प्रश्न एकच, ‘‘इथे पार्किंग कुठे आहे?’’ देव कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. तो मॅपवर असतो. मला एकदम शब्दाचा उलगडा झाला. तीर्थ म्हणजे पूर्वी पार होण्याची जागा होती, आता पार्क होण्याची आहे. मध्ये फक्त एक ‘क’ आलेला आहे, आणि तो बहुधा कारचा असावा.

महात्म्यांचं म्हणाल तर पांडुरंगशास्त्री आठवले इथलेच, जन्म १९ ऑक्टोबर १९२०. त्यांना १९९६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९७ मध्ये टेम्पल्टन. हृषीकेशात १९६८ साली बीटल्स काही आठवडे राहून गेले, त्यावर ते गाव अजून तिकीट लावतंय. आणि आपल्याकडे टेम्पल्टन मिळालेला माणूस जन्मतो, तर लोक रोहा म्हटल्यावर विचारतात, ‘‘मुरूडला जाताना लागतं तेच ना?’’ ही नदी पुढे रेवदंड्याला समुद्रात जाते. तिथल्या धर्माधिकारी घराण्यात वडील आणि मुलगा दोघांनाही महाराष्ट्र भूषण. एका खाडीच्या दोन टोकांना एवढा ऐवज असताना आम्ही उत्तरेची तिकिटं काढतो. जवळच्या साधूला डिस्काउंट मागायचीही आपली तयारी नसते.

शास्त्रीजींच्या स्वाध्याय परिवारात भक्तिफेरी असते. आपल्या खर्चाने गावोगाव जायचं, शिदोरी आपली न्यायची, कुणाच्या घरचं खायचं नाही, काही मागायचं नाही, फक्त माणसांना भेटायचं. हे मी घरच्यांना चालता चालता तन्मयतेने सांगत होतो. मागे वळून पाहिलं, तर तिघे वडापावच्या गाडीपाशी थांबलेले. मीही परत गेलो. माणसांना भेटायला.

बालपण रोह्यात काढलेले आणखी एक गृहस्थ चिंतामणराव देशमुख. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद त्यांनी सोडून दिलं. सोडून! त्यांची गणना या काठच्या विरक्तांत अजून कुणी कशी केली नाही?

आता कुंडलिकेचं. ती फार मोठी गोष्ट आहे आणि रोह्याने ती कुठे पाटीवर लिहिलेली मला दिसली नाही. मुळशीचं धरण मुळा नदीवर. मुळेने आपलं पुण्याला जायचं, मुठेला भेटायचं, दोघींनी भीमेला मिळायचं आणि भीमेने पंढरपूरला चंद्रभागा व्हायचं, असा देवाने रूट लावलेला. टाटांना वीज हवी होती. सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली, तरी धरण झालं. १९२७ पासून ते पाणी पूर्वेला जायचं सोडून सह्याद्रीच्या कड्यावरून नळातून भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि तिथून कुंडलिकेत येतं. म्हणजे पुंडलिकाकडे निघालेलं पाणी कुंडलिकेकडे आलं. एका अक्षराची चूक. पोस्टमनकडूनही होते. पण पत्त्यावरचा मालक अठ्ठावीस युगं उभा आहे आणि पार्सल गेली शंभर वर्षं आम्ही सोडवून घेतोय.

हे ऐकून मुलगा पहिल्यांदा मोबाइलमधून वर आला आणि लगेच पुन्हा आत गेला, राफ्टिंगवाल्याला फोन लावायला. उत्तर आलं, ‘‘आजचं पाणी सुटून गेलं. उद्या सकाळी लवकर या.’’ जगातल्या बाकीच्या नद्या वाहतात, आमची नदी ड्युटीवर येते. भिऱ्याला जनित्रं चालू झाली की कोलाडला लाटा. जनित्रं बंद की दगड उघडे आणि जॅकेट घातलेली माणसं त्यांच्यावर बसलेली. मनुष्याने नदीच्या लयीत जगावं, असं हृषीकेशात ताईला कुणी योगगुरूंनी सांगितलं म्हणे. इथे ती लय वीजघरात ठरते.

अखेर काठावर पोचलो. ऊन उतरत होतं, भरतीचं पाणी चढत होतं. काठावर बरीच माणसं होती आणि झाडून सगळी नदीकडे पाठ करून उभी. मला वाटलं काही धार्मिक विधी असेल. सेल्फी होते. नदीचं तोंड पाहिलं ते फक्त आईने. ती सरळ पायऱ्या उतरून पाण्याशी गेली, ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेणार, तोच मुलगा ओरडला, ‘‘आजी, थांब!’’ त्याने मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात कुंडलिका आहे. आमची अंबा? तिचं नाव मी त्याला शोधू दिलं नाही. घरी परत जायचं होतं.

‘‘पंढरपूरचं पाणी म्हणालास ना रे?’’ आईने मला विचारलं.

‘‘पंढरपूरचंच गं. पण वाटेत फार नोकऱ्या करून आलंय.’’

तिने ओंजळ सोडली, ओली बोटं डोळ्यांना लावली आणि वर येऊन बसली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. बायकोने पिशवीतून पेणचे पोह्याचे पापड काढले. पलीकडे अष्टमीत दिवे लागत होते, पुलावर हॉर्न वाजत होते आणि पाणी मुकाट वर येत होतं.

रात्री धरमतरला उतरलो तर ताईचा व्हिडिओ कॉल. मुलाने उत्तर द्यायच्या आधीच आईने फोन हिसकावून घेतला आणि कॅमेरा खाडीकडे फिरवला. अंधारात बार्ज एकामागे एक चालले होते. त्यांचं काळं अंग दिसत नव्हतं, फक्त दिवे. पाण्यावर हळूहळू सरकणारे पिवळे, लाल दिवे.

‘‘अय्या! दीपदान?’’ ताई ओरडली. ‘‘किती दिवे सोडलेत गं! अहो, इकडे या, बघा! आई, कुठला घाट आहे हा?’’

‘‘धरमतर,’’ आई म्हणाली.

‘‘नाव पण किती गोड! आणि रोज असतं?’’

‘‘रोज. भरती-ओहोटी बघून.’’

आईने आयुष्यात खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि यातही खोटं शोधून सापडत नव्हतं. ताई पुढच्याच रविवारी यायचं म्हणाली. राहायची सोय आहे का, जेवण सात्त्विक मिळतं का, सगळं विचारून झालं. मग मागून भावोजींचा आवाज आला,

‘‘तिला पार्किंगचं विचार.’’